पार्ट टू ऑर्डर



राजौरी झालं, तवांग झालं, लेहचे दोन लेख झाले. मग बऱ्याच जणांनी विचारलं, "साहेब, शेवटची पोस्टिंग कुठं होती? त्यावर काहीच नाही लिहिलं." लिहिलं नाही, कारण तिथं ना बर्फ होता ना गोळी. छत्तीसगडात दुर्गला एनसीसी बटालियनमध्ये पीआय स्टाफ म्हणून अडीच वर्षं काढली. कॅडेटना कदमताल शिकवायची, कॅम्प लावायचे, फायरिंगला न्यायचं. फौजेत याला आरामाची पोस्टिंग म्हणतात. पण सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो या आरामाच्या पोस्टिंगनं. तेव्हा नोकरीत होतो, लिहिता येत नव्हतं. आता पेन्शनवर आलोय. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांची परवानगी घेतली आहे. नावं मात्र देणार नाही.

फॅमिली क्वार्टर मिळालं नाही म्हणून भिलाईच्या नेहरू नगरात वरचा मजला भाड्यानं घेतला. नेहरू नगर म्हणजे जीई रोडला लागून, दुर्ग आणि सुपेला यांच्या मधली वस्ती. भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या कितीतरी लोकांनी इथं घरं बांधली आहेत. एका गल्लीत मल्याळी, बंगाली, सरदारजी, तेलुगू, छत्तीसगढी आणि आपले विदर्भातले मराठी. सकाळी पीटीला निघालो की गुरुद्वाऱ्यातून पाठ ऐकू यायचा. रात्री कारखान्यात तापलेली मळी ओतली की आभाळ लाल व्हायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी बायको घाबरली. मला वाटलं, चला, आपल्याला सवयीचं काहीतरी आहे.

घरमालक काका अमरावती जिल्ह्यातले. 1966 साली कारखान्यात लागले, कोक ओव्हनमध्ये जन्म काढला, 2005 ला निवृत्त झाले. तुकडोजी महाराजांचे भक्त. रोज दिवस मावळला की खालच्या खोलीत सामुदायिक प्रार्थना, काकू सोबत, आणि गुरुवारी खंजिरी. माझी आई पंढरीची वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. त्यामुळे मला ते घर आपलंच वाटलं. मीही हळूहळू खाली जाऊन बसायला लागलो.

त्यांची एकुलती मुलगी पुण्यात नोकरी करते. तिला आपण ताई म्हणू. दिवाळीला आझाद हिंद एक्स्प्रेसनं यायची, सोबत एक मैत्रीण. दोघी पुण्यात एकत्र राहतात, एवढं मला माहीत होतं. पुण्यात घरभाडी महाग, म्हणून राहत असतील, हा माझा हिशेब. वर्षभर मी त्याच हिशेबावर होतो.

17 ऑक्टोबर 2023. मंगळवार, नवरात्रातली तिसरी माळ. मी परेडवरून आलो तर काका टीव्हीसमोर बसलेले, आणि काकू घटापुढं, पण पोथी मिटलेली. समलिंगी विवाहावर सुप्रीम कोर्टाचा निकाल चालला होता. मला पाहून काका म्हणाले, "सुभेदारसाहेब, बसा. तुमाले कायदाकानून समजते. मले एवढं सांगा, हे नाई म्हणाले का हो म्हणाले?"

मी बूटही काढले नव्हते. उभ्याउभ्याच म्हणालो, "नाही म्हणाले काका. आणि बरंच झालं. हे आपल्या संस्कृतीत बसत नाही."

काकूंनी मान वर केली नाही. काकांनी टीव्ही बंद केला. थोड्या वेळानं म्हणाले, "आमची पोरगी आहे ना पुण्याची. ती आणि तिची सोबतीण. अकरा वर्षं झाली."

मंडळी, माझ्यावर गोळीबार झालेला आहे. तेव्हा काय करायचं हे शिकवलेलं असतं, आडोसा घ्यायचा. इथं आडोसा नव्हता. मी "माफ करा काका" म्हणालो, आणि ते इतकं हळू निघालं की त्यांना ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक.

ते रागावले नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, "तुमचं लग्न कुठं लागलं?"

"गावी. मारुतीच्या देवळापुढं मांडव होता."

"मंग फौजेनं काय केलं?"

आता हे सिव्हिलमधल्या वाचकांसाठी सांगतो. जवानाचं लग्न झालं की तो सुट्टीवरून येताना कागद घेऊन येतो. लग्नाचा दाखला, दोघांचा फोटो. मग युनिट पार्ट टू ऑर्डर काढतं आणि ती रेकॉर्ड ऑफिसला जाते. आमच्या मराठा रेजिमेंटची ती बेळगावला. ही ऑर्डर निघाली की बायको फौजेच्या वहीत आली. डिपेंडंट कार्ड, कँटीन, मिलिटरी हॉस्पिटल, फॅमिली क्वार्टर आणि उद्या काही झालं तर फॅमिली पेन्शन, सगळं त्या एका नोंदीला लटकलेलं. मूल झालं, पार्ट टू ऑर्डर. घटस्फोट झाला, पार्ट टू ऑर्डर. शिपाई वारला तरी तीच.

मी हे काकांना सांगत गेलो आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी कुठं चाललोय.

काका म्हणाले, "म्हणजे मारुतीसमोर लागलेलं लग्न तुमच्या फौजेले कागद निघेपर्यंत मालूमच नव्हतं."

"नव्हतं."

"तुमच्या पलटणीचे पंडितजी सही करतात का त्या कागदावर?"

"नाही. ते मंदिर परेड घेतात. सही ऑफिसची."

"तेच तर म्हणतो मी. देवाचं काय ते मी देवासंगं पाहीन, रोज संध्याकाळी बसतोच त्याच्यापुढं. मले ऑफिसची सही पाहिजे. पोरीसाठी मी कोणतं मंदिर मागत नाई. पार्ट टू ऑर्डर मागतो."

या कागदाची किंमत मला चांगली माहीत होती. हवालदार असताना आमच्या कंपनीतला एक पोरगा गेला. लग्नाला पाच आठवडे झाले होते. सुट्टीवरून येऊन तो थेट पोस्टवर चढला होता, कागद त्याच्या ट्रंकेतच राहिले होते. पार्थिव घेऊन मी त्याच्या गावी गेलो. आख्खं गाव तिच्या कुंकवाला साक्षीदार होतं, आणि आमच्या वहीत त्या पोराच्या नावापुढं लिहिलं होतं, अविवाहित. तिला पुढं बराच काळ दाखले, प्रतिज्ञापत्रं, सरपंचाची सही यांच्यामागं फिरावं लागलं. शेवटी झालं सगळं, कारण कायदा तिच्या बाजूनं होता. फक्त कागद उशिरा पोचला होता. काकांच्या पोरीच्या बाबतीत कागद कधीच निघणार नव्हता.

मग काकूंनी 2021 चं सांगितलं. कोरोनाची दुसरी लाट. ताईला पुण्यात दवाखान्यात टाकलं, ऑक्सिजन खाली गेलेला, व्हेंटिलेटर लावायचा तर नातेवाइकाची सही हवी. सोबतीण काउंटरवर उभी. विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" ती म्हणाली, "मैत्रीण." काउंटरवरचे म्हणाले, "रक्ताचं किंवा लग्नाचं कुणी असेल तर बोलवा." इकडं दुर्ग जिल्हा लॉकडाऊनमध्ये, काका पंच्याहत्तरीचे. शेवटी व्हिडिओ कॉलवर काकांनी हो म्हटलं, तो फोन डॉक्टरांपुढं धरला गेला. नऊ वर्षं जिनं ताईची दुखणीखुपणी काढली तिला त्या दिवशी सही करता आली नाही, आणि हजार किलोमीटरवरच्या म्हाताऱ्याची मान हलली ती चालली. ताई वाचली. काकू म्हणाल्या, "त्या रात्री मी देवाला म्हटलं, हिला वाचव, मी तुला कशाचा जाब विचारणार नाही. आणि त्या दुसरीला मी जे परकं धरलं होतं, ते तिथंच सोडलं."

म्हणजे काकूंनाही वेळ लागला होता. हे ऐकून मला जरा धीर आला.

त्यानंतर मी वाचायला लागलो. आमच्यात म्हणतात, जमीन पाहिल्याशिवाय हल्ल्याचा प्लॅन करू नये. मी तर जमीन न पाहताच उभ्याउभ्या निकाल देऊन मोकळा झालो होतो.

तर ही जमीन अशी. आपल्याकडं धर्माच्या विधीशिवाय, नोंदणीनं लग्न करायचा कायदा पहिल्यांदा 1872 साली आला, केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो मंडळींच्या खटपटीतून. त्यात अट काय होती? वधूवरांनी लिहून द्यायचं की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, शीख, जैन यांतला कुठलाच धर्म मानत नाही. म्हणजे सरकारी कागद हवा तर देव सोडा. 1923 साली सागरचे हरिसिंग गौर यांनी दुरुस्ती करून घेतली आणि हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना धर्म न सोडता त्या कायद्याखाली लग्न करता येऊ लागलं. मग 1954 चा विशेष विवाह कायदा. आज वेगवेगळ्या धर्मांची जोडपी लग्न करतात ती याच कायद्याखाली. आमच्या गल्लीतल्या सरदारजींच्या आनंद कारज विधीलाही 1909 सालचा आनंद विवाह कायदा लागलाच. आपल्या जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये भटजीशिवाय सत्यशोधक लग्नं लावली, तेव्हाही लोक हेच म्हणाले होते, हे आपल्यात बसत नाही. माझं वाक्य दीडशे वर्षं जुनं निघालं.

आणखी एक गोष्ट सापडली ती वर्दीतली. डिसेंबर 1987. तेव्हा भिलाई मध्य प्रदेशातच होती. मध्य प्रदेश पोलिसांच्या दोन महिला शिपायांनी हिंदू रीतीनं एकमेकींशी लग्न केलं. फोटो वरिष्ठांपर्यंत पोचले आणि दोघींना नोकरीतून काढण्यात आलं, कारण गैरहजेरीचं दाखवलं. पेपरवाले त्यांच्या वस्तीत गेले, तेव्हा शेजारपाजारचे आणि नातलग त्यांच्या बाजूनं बोलले. एका बाईंनी तर विचारलं होतं की लग्न म्हणजे दोन आत्म्यांचं मीलन, ते बाई आणि पुरुषाचंच असावं असं शास्त्रात कुठं लिहिलंय. देवाधर्मातली साधी माणसं ही. कुठल्याही कोर्टात गेलेली नव्हती. त्या दोघींची नावं तेव्हा सगळीकडं छापली गेली, मी परत छापत नाही.

आता निकाल. वीसहून अधिक याचिका, एप्रिल 2023 पासून दहा दिवस सुनावणी, पाच न्यायाधीश. पाचही जण म्हणाले की लग्न हा मूलभूत हक्क म्हणून घटनेत नाही आणि 1954 चा कायदा कोर्टाला बदलता येणार नाही, ते संसदेचं काम. अशा जोडप्यांच्या नात्याला लग्नाखेरीज काही कायदेशीर दर्जा द्यावा का, यावर तीन विरुद्ध दोन असा कौल गेला. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल हे दोघं द्यावा या बाजूचे. मात्र रेशन कार्ड, बँक खातं, पेन्शनचा नॉमिनी यांचा विचार करायला कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची हे केंद्र सरकारनं कबूल केलं होतं.

श्रद्धावान माणसं दोन्हीकडं होती. जमियत उलेमा-ए-हिंद विरोधात उभी होती. त्याच वर्षी जानेवारीत सरसंघचालक मोहन भागवत यांनी जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींची कथा सांगून म्हटलं की असे लोक समाजात नेहमीच होते, त्यांनाही जागा हवी. मार्चमध्ये संघाचेच दत्तात्रेय होसबाळे म्हणाले, लग्न मात्र स्त्री-पुरुषाचंच. आणि सुनावणी चालू असताना चारशेहून अधिक आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. आम्ही म्हातारे होत चाललोय, आमच्या हयातीत मुलांच्या नात्यावर कायद्याचा शिक्का बसलेला पाहायचा आहे, असा त्याचा मजकूर होता. काकांनी त्या बातमीचं कात्रण ग्रामगीतेत ठेवलं होतं.

मी त्यांना एकदा विचारलं, "महाराज याबद्दल काही बोललेत का?" मला वाटलं होतं, काढतील एखादं वचन. काका म्हणाले, "नाई. आणि जे ते बोलले नाई ते मी त्यांच्या तोंडी घालणार नाई. त्यांनी हुंड्यावर, लग्नातल्या उधळपट्टीवर लई झोडपलं. प्रार्थनेले सगळ्यांले एका सतरंजीवर बसवलं. बाकीचा हिशेब माझा मलेच करायचा आहे."

मी म्हटलं, "पण काका, उद्या देवळांवर सक्ती झाली तर? आईला नाही चालणार."

"काहून चालावं? त्यांनी नका लावू लग्न. पंढरीचं दार उघडावं म्हणून साने गुरुजी 1947 ले दहा दिवस उपाशी बसले, ते देवळासाठीच. हे तसं नाई. हे रजिस्टर कचेरीचं दार आहे. तिथं कोणती मूर्ती आहे विटाळाले?"

पुढं वाचलं, कॅनडानं 2005 मध्ये कायदा केला त्यात हेच लिहिलं आहे. नोंदणी सगळ्यांना, पण कुठल्याही धर्मगुरूला त्याच्या श्रद्धेविरुद्ध लग्न लावायला भाग पाडायचं नाही. आमच्या फौजेच्या सर्वधर्म स्थळातही एका छपराखाली सगळ्यांचे देव असतात. कुणी कुणाची आरती करायची सक्ती नसते, आणि पगाराची वही सगळ्यांची एक असते. हे मी सव्वीस वर्षं पाहिलं होतं. जोडून बघितलं नव्हतं.

फौजेचा स्वतःचा कायदा वेगळा आहे. 2018 मध्ये कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले गेले तरी जानेवारी 2019 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल रावत यांनी फौजेत हे चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. त्यावर मी इथं वाद घालत नाही. फक्त एक सांगतो, कारण ते माझं आहे. एका पोस्टवर आमच्यात एक पोरगा होता. नेमबाजीत पहिला, पत्र कुणाला लिहीत नसे. त्याच्यावरून रात्री बराकीत विनोद चालायचे. मी त्याचा सेक्शन कमांडर. मी थांबवले नाहीत. एकदोनदा हसलोही. मुदत संपल्यावर तो एक दिवसही जास्त थांबला नाही. तो तसा होता की नव्हता मला आजही माहीत नाही, आणि त्यानं काही फरक पडत नाही. माझ्या हाताखालचा जवान होता, एवढं पुरेसं होतं.

त्या नवरात्रात शनिवारी दोघी पुण्याहून आल्या. निकालानंतर काकूंनीच फोन करून बोलावलं होतं. रविवारी अष्टमी. काकूंनी माझ्या बायकोला ओटी भरायला खाली बोलावलं. मी परेड नसल्यानं घरीच होतो. जिन्यातून दिसत होतं. तीन पाट मांडले होते, एकावर माझी बायको, एकावर ताई, एकावर ती. काकूंनी तिघींना हळद-कुंकू लावलं. खण, नारळ, तांदूळ. ती दुसरी मुलगी ओटी घेताना रडायला लागली, तशी काकू म्हणाल्या, "नारळ सांभाळ, पडेल."

वर आल्यावर मी बायकोकडं पाहिलं. ती सातारा जिल्ह्यातली, माझ्यापेक्षा कर्मठ. तिनं नारळ देवापुढं ठेवला आणि म्हणाली, "काकू म्हणाल्या, दोघी आपापल्या घरच्या सुवासिनी आहेत. मग मी काय बोलणार? ओटी त्यांची, देवी त्यांची." जरा थांबून म्हणाली, "आणि पोरगी चांगली आहे हो. काकांच्या गोळ्यांचं सगळं तिलाच पाठ आहे."

आईला मी फोनवर सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला नाही पटत. पण त्या आजारी पोरीजवळ बसू दिलं नाही, ते वाईट केलं." आई अजून तिथंच आहे. मी तिला पुढं ढकलत नाही. मलाही कुणी ढकललं नव्हतं.

पुढं ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राकडून पत्रकं निघाली. अशी जोडपी संयुक्त बँक खातं उघडू शकतात, एकमेकांना नॉमिनी करू शकतात, रेशन कार्डासाठी त्यांना एकाच घरचे धरावं. काकांनी मला छापील प्रत काढून आणायला लावली आणि त्या दिवाळीला दोघींना घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलानं ते पत्रक पाहिलेलं नव्हतं. मी वर्दीत होतो, तरी काही बोललो नाही. काकांनीच चष्मा लावून त्याला दोनदा वाचून दाखवलं. खातं उघडलं. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून पेन थांबलं. ताईनं लिहिलं, "सोबती." मुलानं शिक्का मारला.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "सुभेदारसाहेब, ही अर्धी ऑर्डर झाली का?"

मी म्हटलं, "अर्धी नाही काका, पाव." कारण तेच खरं होतं. खातं उघडलं, पण वारसा नाही, फॅमिली पेन्शन नाही, आणि दवाखान्यात पुन्हा तो प्रश्न आलाच तर त्याचं उत्तर अजून "मैत्रीण" हेच.

9 जानेवारी 2025 ला फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्या महिनाअखेर मी निवृत्त झालो. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी प्रार्थनेला खाली गेलो. काका ऐंशीला टेकलेले. प्रार्थना संपल्यावर खंजिरी पिशवीत घालता घालता म्हणाले, "माझ्या हयातीत नाई व्हत आता. पण तुमी लिहिता ना. लिहा, की एक म्हातारा होता, रोज देवापुढं बसत होता, आणि त्याले हा कागद पाहिजे होता."

लिहिलं काका.

जय हिंद.